छत्तीस खोल्यांचं चाक

आमच्या भिकोबा मॅन्शनमध्ये खोल्या छत्तीस आणि वैदेहीच्या बाईकच्या पुढच्या चाकात स्पोकही छत्तीस. हे कुणी मोजलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चिंचपोकळीच्या चाळीत न मोजलेली एक गोष्ट शोधून दाखवा.

वैदेही परब म्हणजे खोली नंबर चौदा. परळच्या एका लॅबसाठी लोकांच्या घरी जाऊन रक्त काढते. सकाळी सहाला बाईक काढते, नऊपर्यंत दहा-बारा जणांना टोचून मोकळी. हात इतका हलका की सतरा नंबरचे सीताराम गुरव सुई काढल्यावर विचारतात, "कधी टोचतेस?" अशा मुलीला आयुष्यात एकच दुखणं होतं, आणि ते तिच्या पुढच्या चाकात होतं.

सुरुवात गेल्या पाडव्याला झाली. गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बाईक चालवणाऱ्या बायकांची पथकं निघतात ना, त्यातलं एक कालिंदीबाई राणे यांचं. कालिंदीबाई शाळेत पीटी शिकवायच्या. बाई रिटायर झाल्या, शिट्टी झाली नाही. त्यांच्याकडे नवी मुलगी सातव्या ओळीत लागते आणि दरवर्षी एक ओळ पुढे सरकते. सहाव्या वर्षी वैदेही दुसऱ्या ओळीत पोचली आणि ठाकूरद्वारच्या नाक्यावर तिच्या पुढच्या चाकाची ट्यूब बसली. अकरा मिनिटं यात्रा ठप्प. मागच्या ढोलवाल्यांनी अकरा मिनिटं एकच ठेका धरला. घोड्यावरचा छोटा शिवाजी घोड्यावरच झोपून गेला.

यंदा पहिल्या ओळीतली मधली जागा वैदेहीची होती. ध्वजाची जागा. सात वर्षं ती ज्या जागेसाठी नऊवारी नेसत होती ती. कालिंदीबाईंनी फोन केला. "जागा तुझी आहे, पण अट आहे. पाडव्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी मी स्वतः तुझी हवा मोजणार. रविवारी सकाळी परत मोजणार. दोन पॉइंट उतरली तर चालेल. त्याहून जास्त उतरली तर तू सातव्या ओळीत. परत पहिल्यापासून."

ट्यूबची धास्ती म्हणून वैदेहीने चाक आधीच ट्यूबलेस करून घेतलं होतं. स्पोकवाल्या चाकाची गंमत अशी की प्रत्येक स्पोक रिमला भोक पाडून आत शिरतो, म्हणजे छत्तीस स्पोक तर छत्तीस भोकं. पुलाजवळच्या जगदीश मेस्त्रीने टायर उतरवून ती सगळी भोकं आतून गोंदाने बुजवली, वरून गोल पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "ताई, आता पंक्चर झालं तरी हवा सावकाश जाणार." शब्दाला जागला. पंक्चर नसतानाही हवा सावकाश जायला लागली. रात्री पंचवीस भरावी, सकाळी अकरा.

पाडव्याला नऊ दिवस राहिले असताना वैदेहीने जगदीशला फोन लावला. जगदीश शिमग्याला गावी. फोनमध्ये आधी ढोल आले, मग माणूस.

"ताई, पालखी आमच्याच दारात नाचतेय. पाडव्याशिवाय मी येत नाय."

"अरे पण माझी हवा जातेय."

"साबणाचं पाणी करा. हवा भरायच्या तोंडापासून एक नंबर धरा आणि एकेका स्पोकच्या बुडाशी पाणी टाकत जा. जिथे फुगा येईल तिथे लीक. बाहेरून कायतरी लावून बुजवा. मी आल्यावर आतून नीट करू." मग पालखी फोनच्या मध्ये आली.

वैदेहीने खाली चौकात बाईक लावली आणि साबणाच्या पाण्याचा मग घेऊन बसली. चौथ्या स्पोकपर्यंत पोचली नसेल, तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या.

"थांब," वरून रघुकाका म्हणाले. रघुकाका चव्हाण आमचे सेक्रेटरी. एकवीस वर्षं बिनविरोध, कारण विरोध करायलाही त्यांच्याच सहीचा अर्ज लागतो. ते खाली आले आणि चाकाभोवती एक फेरी मारली. "असं एकटीने नाही करायचं. गणपतीची वर्गणी, जिन्याचा झाडू, टाकी धुवायची पाळी, आपण सगळं खोलीवार करतो. स्पोक किती?"

"छत्तीस."

रघुकाकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो त्यांच्या मुलीच्या लग्नातही नव्हता. "मग झालं तर. ज्या नंबरची खोली त्या नंबरचा स्पोक. आपापला स्पोक आपापली जबाबदारी."

एकतीस नंबरच्या हितेंद्र जाधवने मार्करने नंबर घातले. तो विमा ऑफिसात आकडे सांभाळतो आणि घरी आकड्यांशिवाय त्याला करमत नाही. एप्रिलमध्ये जयंतीच्या रॅलीला हीच बाईक त्याला हवी होती, तेव्हा स्वार्थही होता. मग नंबर पुकारून पाणी टाकणं सुरू झालं. एक, स्वच्छ. दोन, स्वच्छ. ज्याचा स्पोक कोरडा निघे तो दहावी पास झाल्यासारखा बाजूला होई. नवाला बारीक बारीक फुगे आले. सत्ताविसाला एकच आला, पण सुपारीएवढा.

सत्तावीस नंबर म्हणजे बकुळाआजी सावंत. वय चौऱ्याऐंशी. "माझ्या स्पोकातून हवा जाता?" आजी कठड्यावरून खाली वाकल्या. "सत्तर वर्सां ह्या चाळीत काढलंय. माझ्या घरातून कधी पाण्याचो थेंब गळाक नाय, हवा खयसून गळतली?"

"आजी, फुगा दिसतोय."

"तो साबणाचो दोष. माझो साबण घे."

आजींच्या साबणानेही फुगा आला, आणि चांगला मोठा आला. नवाच्या मनवा तांडेलने मात्र वाद घातला नाही. ती सरळ कफ परेडच्या मच्छीमार नगरात माहेरी गेली आणि मामाकडून डबा घेऊन आली. त्यात राळ आणि माशाचं तेल घोटलेलं, होडीच्या फळ्यांच्या फटीत भरतात ते. "मामाची होडी वीस वर्षं तरंगतेय," ती म्हणाली, "तुझ्या चाकाला तर पोहायचंही नाही." नऊ नंबर त्याच दिवशी बंद झाला. फक्त त्या दिवसापासून चाकापुढे सात मांजरं बसायला लागली. वैदेही सॅम्पल घ्यायला निघाली की ती कोपऱ्यापर्यंत सोडायला जात.

बकुळाआजींनी ट्रंकेतून फणसाच्या चिकाचा गोळा काढला. गावच्या फणसाचा, वाळून दगड झालेला. तो दिव्यावर धरून वितळवला आणि सत्ताविसाच्या बुडाशी असा थापला की स्पोकला गालगुंड झाल्यासारखं दिसायला लागलं. फुगा गेला तो गेलाच.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण उरलेल्या चौतीस खोल्यांचं काय? आज फुगा नाही, उद्या आला म्हणजे? चारचौघांत नाव निघणार. दुसऱ्या दिवशी जो तो मान वळवून, कुणी बघत नाही असं बघून, आपापल्या स्पोकची सोय करून आला. पाच नंबरच्या श्रेयाने मरून नेलपॉलिशचे तीन हात दिले. सीतारामांनी नळाच्या पाइपाला लावतात ती पुट्टी भरली. कुणी चिंगम लावलं, कुणी पापडाचं पीठ. बावीस नंबरने तुळशीच्या कुंडीतली माती लावली आणि वर हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी चाक रुखवतात मांडल्यासारखं दिसत होतं.

"आता उतरून दाखवू दे हवा," रघुकाका म्हणाले.

हवेने दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवीस होती, रात्री एकोणीस.

त्याच दिवशी सकाळी वीस नंबरच्या हर्षवर्धनने ऑनलाइन मागवलेला हवा मोजायचा गेज घरी आला. पेनासारखा असतो, चाकाच्या तोंडावर दाबला की आतून पट्टी बाहेर येते. म्हणाला, एकच मागवला होता. आला चाळीसचा खोका. परत घेत नाहीत म्हणाले. त्याने घरोघर एकेक वाटला. फुकटचा गेज नको म्हणणारा माणूस चाळीत तरी अजून जन्मला नाही.

आता ज्याच्या हातात गेज तो डॉक्टर. दुधाची पिशवी आणायला खाली गेलं, जाता जाता चाक बघितलं. कामावरून आलं, चपला काढायच्या आधी चाक बघितलं. जिन्यात भेटल्यावर "जेवलात का" विचारायचं बंद झालं. "किती?" "अठरा." "मला साडेसतरा आली." "तुमचा गेज कमी दाखवतो." मग दोघं मिळून परत खाली, खात्री करायला. रघुकाकांनी चाकाशेजारी वही टांगली. मोजलं की लिहायचं, खोली नंबर, वेळ, आकडा.

गुरुवारी सकाळी पंचवीस भरलेली हवा रात्री सहावर आली. चाळ हादरली. सीतारामांचं म्हणणं पडलं की हे शेजारच्या चाळीचं काम. त्यांनी दोन तास खुर्ची टाकून पहारा दिला आणि पहारा देताना बसल्या बसल्या नऊ वेळा हवा मोजली. बावीस नंबरने लिंबू-मिरची बांधली. मनवाचा मामा फोनवर म्हणाला, होडीला असं होत नाही.

वैदेही मात्र दिवस मोजत होती. शनिवार दोन दिवसांवर. पंप मारून तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड दिसायला लागला होता. शुक्रवारी ती हितेंद्रच्या दारात जाऊन बसली. त्याने वहीतले आकडे लॅपटॉपवर चढवले होते.

"हे बघ," तो म्हणाला. "रात्री अकरा ते पहाटे पाच, रेघ सरळ. एक पॉइंट हलत नाही."

"आधी तर रात्रीच जायची."

"आता रात्री जात नाही. आणि हे बघ, संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा, परत सरळ."

"तेव्हा पाणी येतं."

"आणि बुधवारी मॅचच्या शेवटच्या चार ओव्हर. सरळ."

वैदेही त्या रेघेकडे बघत राहिली. मग उठली, हर्षवर्धनने वाटलेला गेज घेतला, खाली गेली, मांजरं बाजूला केली आणि चाकाच्या तोंडावर गेज दाबला. फुस्स. दर वेळी होतं तसंच, एवढंसं. तिने दहा वर्षांत हजारो लोकांचं रक्त काढलं होतं. तपासायला म्हणून चमचाभर काढतो, त्याचं कुणाला काही होत नाही. पण एकाच माणसाचं दिवसभर काढत राहिलं तर?

ती वर आली. "हितेंद्र, गुरुवारी किती नोंदी आहेत?"

"चौसष्ट." आणि मग त्यालाही कळलं. तो हसायला लागला तो खुर्चीवरून खाली येईपर्यंत.

"हसू नको. सगळ्यांना सांगू का?"

"सांग की. हे खरं आहे का, ते बघायला छत्तीस जण परत मोजतील."

त्यात तथ्य होतं. म्हणून शनिवारी दुपारी वैदेहीने शेवटची पंचवीस भरली आणि बाईक बाहेर काढली. रघुकाका गॅलरीत होतेच.

"कुठे?"

"मावशीकडे, खोताच्या वाडीत. उद्या येते."

"आणि चाक?"

"ते पण येणार, काका. बाईकला लागतं."

 काकांच्या तोंडावर असा भाव आला, जणू सुनेने न विचारता देव्हारा उचलून नेला.

सीमामावशी खोताच्या वाडीत लाकडी घराच्या तळमजल्यावर एकटी राहते. वैदेहीने बाईक पायरीवरून चढवून आत घेतली. हॉलमध्ये मागचं चाक मावलं, पुढचं थेट न्हाणीघरात गेलं. मग ती न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसली.

"आणि माझी आंघोळ?" मावशीने विचारलं.

"उद्या सातनंतर."

सहाला कालिंदीबाई आल्या. पिशवीतून गेज काढला. त्यांच्या सासऱ्यांच्या ट्रकचा, पितळेचा, हवालदाराच्या दांडक्याएवढा. दाबला तेव्हा फुस्स नाही, चांगलं फुऽऽस झालं. "पंचवीस. उद्या सकाळी सात." शिट्टी वाजवायचा मोह आवरून बाई गेल्या.

सव्वासहाला दार वाजलं. हर्षवर्धन. "इथे कांदेवाडीत लग्नाची कार्डं बघायला आलो होतो, म्हटलं डोकवावं."

"कुणाचं लग्न?"

"बघू अजून."

त्याच्या मागे मनवा, मावशीला जवळा द्यायला. मावशीला ती आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती. मग सीताराम, मग श्रेया, आणि टॅक्सीतून काठी टेकत बकुळाआजी. "माका वाडी बघुची होती," आजी म्हणाल्या, आणि वाडीकडे पाठ करून न्हाणीघराकडे तोंड करून बसल्या. सगळ्यांच्या खिशात, पर्समध्ये, कमरेच्या पिशवीत पेनासारखं काहीतरी दिसत होतं. सगळे एकमेकांना बघून चकित झाल्यासारखं करत होते. मावशीने अकरा कप चहा टाकला.

शेवटी रघुकाका आले. चहा प्यायले. घसा साफ केला. "मला जरा जाऊन यायचंय," ते न्हाणीघराकडे बोट करून म्हणाले.

"शेजारी डिसोझा अंकलकडे जा, काका. सांगून ठेवलंय."

"तिथे चाक नाही ना," काका म्हणाले.

 बोलून गेल्यावर काका खाली बघत कपात शिल्लक नसलेला चहा प्यायले. मग एकदम चौघांना जाऊन यायचं होतं. वैदेही स्टुलावरून हलली नाही. आठला मावशीने कपबशा विसळायला घेतल्या आणि सगळ्यांना नावं विचारून विचारून घरी पाठवलं.

सकाळी पावणेसातला तीच मंडळी दारात हजर. आंघोळ फक्त मावशीची राहिली होती.

कालिंदीबाई सातला आल्या, सरळ न्हाणीघरात गेल्या, चाकाशी वाकल्या. फुऽऽस.

"चोवीस. एकच पॉइंट. शाब्बास."

वैदेहीने डोळे मिटले. तेवढ्यात मागून रघुकाका म्हणाले, "बाई, परत बघा. एका रीडिंगवर कधी जाऊ नये."

ते वैरी म्हणून बोलले नव्हते. काळजीनेच बोलले. आणि बाई पडल्या शिस्तीच्या. त्यांना ते पटलं. फुऽऽस.

"तेवीस."

हॉलमधले सगळे न्हाणीघराच्या दारात गोळा झाले.

"उतरतेय की," सीताराम म्हणाले. "आत्ता, बघता बघता. बाई, परत एकदा."

पितळी गेज तिसऱ्यांदा खाली गेला. बाविसावर सातवी ओळ होती, सात वर्षं होती. वैदेहीने हात घालून चाकाचं तोंड तळव्याने झाकलं.

"बाई, बस," ती म्हणाली. पेशंट हात आखडून घेतो तेव्हा जो आवाज लावते, त्याच आवाजात. "तुम्ही दाबलं की फुस्स होतं. ते फुस्स म्हणजे माझी हवा. चाक बरं आहे. आठवडा झाला बरं होऊन. मनवाने आणि आजींनी बुजवलं तेव्हाच बरं झालं. त्यानंतर जी गेली ती आपण मोजून मोजून काढली."

कालिंदीबाई गेजकडे बघत राहिल्या. "पण मग खरी किती आहे हे कळणार कसं? न मोजता?"

सगळ्यांनी हितेंद्रकडे बघितलं, त्याने छताकडे.  बकुळाआजी काठी टेकत पुढे आल्या, वाकल्या आणि टायरवर अंगठा दाबला. मग दुसऱ्या बाजूने दाबला. "घट्ट आसा," त्या म्हणाल्या. "पिठाचो गोळो आमी काय पट्टी लावन बघतो? कडक झालो म्हणजे झालो."

बाईंनीही अंगठा दाबून बघितला. बराच वेळ. मग गेज पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावली. "माझं शेवटचं रीडिंग तेवीस. नियमात बसतं. पहिली ओळ, मधली जागा. साडी वेळेत नेस."

वैदेही स्टुलावर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तसे आम्ही सगळेच मावशीच्या हॉलमधलं फर्निचर बघायला लागलो. रघुकाका सगळ्यात मागे होते. "हितेंद्र," त्यांनी हळूच विचारलं, "त्यातल्या माझ्या किती?"

"गुरुवारच्या?"

"हं."

"अकरा, काका."

काकांनी शर्टाच्या खिशातला गेज काढून टीपॉयवर ठेवला. मग सीतारामांनी. मग श्रेयाने, मनवाने. हर्षवर्धनने तीन काढले. मावशीने विचारलं, हे मी घरात घेऊन काय करू, पण तिचं कुणी ऐकलं नाही, आणि ती आंघोळीला गेली.

पाडव्याला आम्ही सगळे ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभे होतो, सकाळी सातपासून. पथक आलं ते आधी ऐकू आलं. मध्ये वैदेही, हिरव्या नऊवारीत, नाकात नथ, मागे ध्वज. पुढच्या चाकावर पस्तीस खोल्यांचे लेप चढवलेले, आणि एकीकडे फणसाचं गालगुंड. नेमकं नाक्यावरच कालिंदीबाईंनी शिट्टी मारली आणि सगळ्या बाईक थांबल्या. पुढे कुठेतरी पालखी वळत होती.

वैदेही समोर बघत होती. तिच्या उजव्या गुडघ्याशी काहीतरी हललं. रघुकाका रस्त्यात येऊन चाकाशी वाकले होते.

"काका," ती ओठ न हलवता म्हणाली.

"मोजत नाही गं. गेज कुठाय माझ्याकडे. नुसतं बघतोय."

"हात मागे घ्या."

त्यांनी हात मागे घेतले. ते बघून सीतारामांनी घेतले, मग हर्षवर्धनने, मग ओळीने सगळ्या चाळीने. पुन्हा शिट्टी झाली, बाईक निघाल्या, आणि आम्ही चाकाच्या दोन्ही बाजूंनी, हात पाठीमागे बांधून, पावलात पाऊल टाकून चालायला लागलो. बंदोबस्ताच्या हवालदाराला वाटलं हे शिस्तीचं वेगळं पथक आहे. त्याने गर्दी मागे सारली आणि आम्हाला वाट करून दिली.